नवव्या मजल्याला न मिळालेला निरोप

२५ मार्च १९११. शनिवारची दुपार कलू लागली होती. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन चौकाच्या उत्तरेकडील एका श्रीमंत घरात चहापानाचा कार्यक्रम सुरू होता. पाहुण्यांमध्ये फ्रान्सिस पर्किन्स या ३० वर्षांच्या समाजकार्यकर्त्या होत्या. अचानक बंबांच्या घंटा आणि माणसांचा आरडाओरडा ऐकू आला. सगळे चौक ओलांडून पूर्वेकडे धावले. तेथे ॲश बिल्डिंग या दहामजली इमारतीच्या वरच्या मजल्यांना आगीने वेढले होते आणि खिडक्यांच्या कठड्यांवर उभ्या राहिलेल्या मुली एकेक करून खाली उडी घेत होत्या. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. खाली धरलेली जाळी फाटत होती. पर्किन्स हे सारे खाली उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या पुढच्या ५४ वर्षांच्या आयुष्याची दिशा त्या अर्ध्या तासात ठरली, असे त्यांनी स्वतःच नंतर अनेकदा सांगितले.

ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचे तयार कपड्यांचे काम या इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर चाले. आग लागली ती आठव्या मजल्यावर, कापडाच्या कतरणांच्या पेटीत. तेथल्या एका कर्मचारी स्त्रीने टेलिफोनवरून दहाव्या मजल्याला कळवले. दहावा मजला कचेरीचा होता. मालकांच्या खोल्या, हिशेबनीस आणि टेलिफोन सांभाळणारी मुलगी याच मजल्यावर. निरोप मिळताच तेथील जवळजवळ सर्व माणसे गच्चीवर गेली आणि शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीतून विद्यार्थ्यांनी सोडलेल्या शिड्यांवरून सुखरूप निघाली. दोन्ही मालकही त्यांत होते. मधल्या नवव्या मजल्यावर सुमारे अडीचशे माणसे शिवणयंत्रांपाशी बसली होती. त्यांना मात्र कोणीच कळवले नाही. त्यांना आगीची बातमी आगीनेच दिली. एका बाजूचा जिना ज्वाळांनी अडवला होता, दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. सुटण्याच्या वेळी मुलींच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून बाहेर पडण्याची एकच वाट उघडी ठेवण्याची तेथे पद्धत होती. मागचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. लिफ्ट चालवणाऱ्यांनी जिवावर उदार होऊन जितक्या खेपा करता आल्या तितक्या केल्या. १४६ माणसे मरण पावली. त्यांत १२३ स्त्रिया व मुली होत्या, बहुतेक नुकत्याच स्थलांतर करून आलेल्या ज्यू आणि इटालियन कुटुंबांतल्या.

इमारत जुनाट किंवा मोडकळीस आलेली मुळीच नव्हती. ती अवघी दहा वर्षांची होती आणि अग्निरोधक म्हणून मिरवत होती. त्यात खोटेही काही नव्हते, कारण आगीनंतर भिंती जशाच्या तशा उभ्या होत्या. न्यूयॉर्कच्या नियमांप्रमाणे १५० फुटांहून उंच इमारतीला लाकडी जमीन व खिडक्यांच्या लाकडी चौकटी चालत नसत. ही १३५ फुटांची होती, म्हणून चालल्या. एवढ्या क्षेत्रफळाला तीन जिने हवे होते. होते दोन, आणि मागची लोखंडी शिडीच तिसरा जिना म्हणून धरण्यात आली होती. कागद चोख होते. पर्किन्स यांच्या पुढील सर्व कामाचे मर्म या विसंगतीत आहे.

१० एप्रिल १८८० रोजी बॉस्टनमध्ये जन्मलेल्या पर्किन्स वूस्टर या गावी वाढल्या. कुटुंब मूळचे मेन राज्यातल्या न्यूकॅसलचे, खाऊनपिऊन सुखी आणि राजकीय मतांनी सनातनी. गरिबी येते ती आळसामुळे किंवा दारूमुळे, ही त्या घरातली समजूत होती. माउंट होलिओक महाविद्यालयात त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला; पण त्यांच्या मनावर खरा ठसा उमटला तो अर्थशास्त्रीय इतिहासाच्या एका प्राध्यापिकेचा. या बाईंनी विद्यार्थिनींना नुसती पुस्तके वाचायला न लावता आसपासच्या गिरण्यांत पाठवले आणि जे दिसेल ते लिहून आणायला सांगितले. यंत्रात हात गेलेल्या कामगाराच्या कुटुंबाचे पुढे काय होते, हे पर्किन्स यांनी प्रथम तेथे पाहिले. हात गेलेला माणूस आळशी नव्हता आणि दारूही पीत नव्हता.

पदवीनंतर शिकागोजवळ त्या शिक्षिका झाल्या. सुट्यांमध्ये जेन ॲडम्स यांच्या हल हाउसमध्ये राहून गरीब वस्त्यांत काम केले. फिलाडेल्फियात नोकरीच्या आमिषाने फसवल्या जाणाऱ्या मुलींसाठी काम केले, आणि १९१० साली कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. होऊन त्या न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाच्या चिटणीस बनल्या. ग्राहक संघ म्हणजे मालाच्या भावावरून भांडणारी संस्था नव्हे. आपण विकत घेतो तो माल कोणत्या परिस्थितीत तयार होतो, याची चौकशी ती करी. तळघरांतल्या बेकऱ्यांमध्ये उतरून त्यांनी पाहणी केली, तर स्त्रियांच्या कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवर आणणारे विधेयक घेऊन त्या आल्बनी येथील विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवू लागल्या. हे विधेयक १९१२ साली संमत झाले; पण फळे-भाज्या डबाबंद करण्याच्या कारखान्यांना त्यातून वगळण्याची तडजोड स्वीकारावी लागली. तत्त्वासाठी अडून बसावे की हाती येईल ते घ्यावे, या पेचात त्यांनी बहुधा दुसरा मार्ग पत्करला. त्यासाठी त्यांच्यावर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती.

ट्रँगलच्या आगीनंतर आठवडाभरातच, २ एप्रिल रोजी, मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये मोठी सभा भरली. खालच्या खुर्च्यांवर आणि बॉक्समध्ये शहरातले प्रतिष्ठित, वर गॅलरीत कामगार. रोझ श्नायडरमन या तरुण कामगार पुढारी स्त्रीने हलक्या आवाजात त्या श्रीमंत श्रोत्यांना सुनावले, की तुमची सहानुभूती आम्ही याआधीही पारखली आहे आणि ती अपुरी ठरली आहे. तिचा रोष समजण्याजोगा होता. १९०९ च्या हिवाळ्यात शहरातल्या सुमारे २० हजार शिवणकामगारांनी संप केला, त्याची सुरुवात करणाऱ्यांत ट्रँगलच्या मुली होत्या. वेतनाबरोबर सुरक्षिततेच्या मागण्याही होत्या. अनेक कंपन्यांनी संघटनेशी करार केला. ट्रँगलने केला नाही.

त्या सभेतून न्यूयॉर्क शहराची सुरक्षा समिती जन्माला आली. हेन्री स्टिम्सन आणि त्यांच्यानंतर हेन्री मॉर्गेंथॉ थोरले यांच्यासारखी बडी माणसे तिचे अध्यक्ष झाली, आणि पुढे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिफारशीवरून पर्किन्स तिच्या कार्यकारी चिटणीस झाल्या. अशा समित्यांचे भवितव्य बहुधा ठरलेले असते. थोरामोठ्यांची नावे छापलेला कागद, दोन बैठका आणि एक अहवाल. ही समिती त्या वाटेने गेली नाही, याचे श्रेय एका अनपेक्षित माणसाकडे जाते. विधानसभेतील पुढारी अल स्मिथ. शाळा अर्धवट सोडून मासळीबाजारात काम केलेला हा माणूस टॅमनी हॉल या बदनाम राजकीय यंत्रणेतून वर आला होता. समितीची शिष्टमंडळे जेव्हा निष्पक्ष सज्जनांचा चौकशी आयोग मागू लागली, तेव्हा त्याने व्यवहाराचा सल्ला दिला. आयोग विधिमंडळाचा असू द्या, त्यात आमदार असू द्या. स्वतःच्या अहवालाविरुद्ध मत द्यायला आमदाराला जड जाते. जे निर्णय राबवणार आहेत त्यांनाच पाहणीला न्यावे, हे सूत्र पर्किन्स यांनी येथे उचलले आणि जन्मभर सोडले नाही.

जून १९११ मध्ये कारखाना चौकशी आयोग स्थापन झाला. अध्यक्ष सिनेटर रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष स्मिथ. कामगारांच्या बाजूने सॅम्युएल गॉम्पर्स आणि महिला कामगार संघटनेच्या मेरी ड्रायर सदस्य होत्या. पहिल्याच वर्षी २२२ साक्षी झाल्या आणि १,८३६ कारखान्यांची तपासणी झाली. पर्किन्स स्वतः साक्षीदार होत्या, तपासनीसही होत्या आणि आयोगाच्या वाटाड्याही होत्या. सदस्यांना त्यांनी पहाटे उठवून ऑबर्नच्या दोरखंडाच्या कारखान्याच्या फाटकावर उभे केले. तेथे रात्रपाळी करून स्त्रिया बाहेर पडत होत्या. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात पाच-सात वर्षांची मुले शेंगा सोलताना दाखवली. एका कारखान्यात भिंतीतले एक छोटेसे भगदाड संकटकाळी बाहेर पडण्याची वाट म्हणून नोंदलेले होते. पर्किन्स यांनी सिनेटर वॅग्नर यांना त्यातून सरपटत बाहेर जायला लावले. पलीकडे बर्फाने माखलेली एक उभी लोखंडी शिडी होती आणि ती जमिनीपासून १२ फूट उंचीवर संपत होती. याच वॅग्नर यांनी पुढे १९३५ साली अमेरिकेचा प्रसिद्ध कामगार संबंध कायदा लिहिला. त्या भगदाडाचा त्यात वाटा किती, हे मोजता येत नाही. पण शंभर पानांच्या निवेदनाने जे साधले नसते ते त्या सकाळी साधले, यात संशय नाही.

या काळात पर्किन्स अग्निसुरक्षेच्या जाणकार झाल्या. त्यांच्या शिक्षकांपैकी एक होते अभियंता एच. एफ. जे. पोर्टर. आगीपूर्वी त्यांनी ट्रँगलच्या मालकांना पत्र पाठवून कामगारांकडून सुटकेचा सराव करून घेण्याविषयी सुचवले होते. पत्राला उत्तर आले नव्हते. इमारत पाहताना प्रथम काय पाहावे, हे पर्किन्स अशा लोकांकडून शिकल्या. जिना किती रुंद आहे, वळणावर माणसे अडतात का, दार आत उघडते की बाहेर, ते कामाच्या वेळी उघडे असते का, एका मजल्यावर माणसे किती आणि तेवढी माणसे त्या जिन्यावरून किती वेळात उतरतील. भिंती जळतात की नाही हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. माणूस बाहेर कसा पडेल, हा पहिला. १९११ ते १९१५ दरम्यान न्यूयॉर्कमध्ये तीसहून अधिक नवे कामगार कायदे झाले. त्यांत कामाच्या वेळी दारे उघडी ठेवणे, सरावाची सक्ती, उंच कारखान्यांत स्वयंचलित पाण्याचे फवारे आणि जिन्यांच्या रुंदीवरून मजल्यावरच्या माणसांची संख्या ठरवणे, या तरतुदी होत्या.

तरीही कायदा पुरा पडत नव्हता. जुलै १९१३ मध्ये बिंगहॅम्टन गावी एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून सुमारे तीस कामगार मरण पावले. तेथे इशाऱ्याची घंटा होती, सरावही होत होते. घंटा झाली तेव्हा अनेकींना वाटले की हा आणखी एक सरावच आहे, आणि त्या सावकाश उठल्या. घंटा बसवल्याने भागत नाही; घंटेचा अर्थ काय आणि ती वाजल्यावर कोणी कोणाला बाहेर काढायचे, हे त्या जागी काम करणाऱ्यांमध्ये आधी ठरलेले असावे लागते.

त्याचा एक नमुना न्यूयॉर्कमध्येच तयार होता. १९१० च्या संपानंतर कोट शिवणाऱ्या कारखान्यांसाठी एक संयुक्त आरोग्य मंडळ नेमण्यात आले होते. सात सदस्यांपैकी दोन मालकांचे, दोन कामगारांचे आणि तीन नागरिकांचे प्रतिनिधी. डॉ. जॉर्ज प्राइस या मंडळाचे काम पाहत आणि चौकशी आयोगाच्या तपासण्याही त्यांनीच चालवल्या. तपासणी बाहेरचा अधिकारी वर्षातून एकदा करून जाईल आणि सगळे ठीक होईल, या समजुतीला या मंडळाने तडा दिला. कुलूप रोज कोण लावतो हे आत बसणाऱ्या मुलीला ठाऊक असते, निरीक्षकाला नसते. आज जगभर कार्यालयांत आणि कारखान्यांत मालक-कामगार यांच्या संयुक्त सुरक्षा समित्या आढळतात, त्यांच्या पूर्वजांमध्ये हे मंडळ निश्चित मोजावे लागेल.

पर्किन्स यांचे खासगी आयुष्य याच वर्षांत बदलले. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यांनी पॉल विल्सन यांच्याशी विवाह केला आणि माहेरचे नाव कायम ठेवले. मुलगी सुझॅना १९१६ च्या अखेरीस जन्मली. त्यानंतर थोड्याच काळात पती मानसिक आजाराने खचले. अनेक वर्षे त्यांना अधूनमधून रुग्णालयात ठेवावे लागले. घर चालवण्याची जबाबदारी पर्किन्स यांच्यावर आली. याविषयी त्या बाहेर एक शब्दही बोलत नसत. वृत्तपत्रे त्यांना रुक्ष आणि अलिप्त म्हणत, त्यामागे हेही एक कारण असावे. राजकारणी पुरुष आईसारख्या दिसणाऱ्या स्त्रीचे ऐकतात असे त्यांच्या लक्षात आले होते, म्हणून तरुणपणीच त्यांनी काळा, प्रौढ वाटणारा पोशाख आणि तीन कोनांची टोपी पत्करली.

१९१९ साली स्मिथ गव्हर्नर झाले आणि त्यांनी पर्किन्स यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमले. १९२९ मध्ये पुढचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना आयोगाच्या प्रमुखपदी बसवले. आणि १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होताच त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. त्या देशाच्या मंत्रिमंडळातील ही पहिली स्त्री. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी कामाची एक यादी रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवली. त्यात कामाच्या तासांची मर्यादा, किमान वेतन, बेकारी विमा, वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन आणि बालमजुरीबंदी होती. हे मान्य नसेल तर मंत्रिपद नको, असे त्यांनी बजावले. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८ चा कामाच्या अटींविषयीचा कायदा ही त्या यादीची फळे. शेतमजूर आणि घरकाम करणारे पहिल्या कायद्यातून वगळले गेले, आणि त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या कारकिर्दीचे कौतुक करताना ही उणीव झाकू नये.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग जाणवेल. पर्किन्स ज्या कोलंबियातून बाहेर पडल्या, तेथेच तीन वर्षांनी, १९१३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला आले. कारखाना सुधारणांचे ते ऐन दिवस होते. आणि १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कामगार खाते पर्किन्स सांभाळत होत्या. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली त्याच वर्षी भरली.

सुरक्षिततेच्या बाबतीत मंत्री म्हणून पर्किन्स यांचे हात मात्र बांधलेले होते. खासगी कामाच्या जागांवर केंद्र सरकारची हुकमत नव्हती. तो राज्यांचा विषय होता. त्यांनी १९३४ मध्ये कामगार मानकांसाठी एक विभाग उभारला आणि राज्यांच्या निरीक्षकांना प्रशिक्षण देण्याची सोय केली. वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्यात दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन शेकडो मजूर दगावले, तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी सिलिकोसिसवर राष्ट्रीय परिषद बोलावली. सरकारी कंत्राटे घेणाऱ्यांना सुरक्षिततेची अट त्याच वर्षी कायद्याने लागू झाली. आणि सरकारचे स्वतःचे कर्मचारी? टेबलाशी बसून काम करणाऱ्यांना कसली आली सुरक्षा, असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. १९३९ मध्ये रूझवेल्ट यांच्या आदेशाने विविध खात्यांच्या प्रतिनिधींची एक आंतरखाते सुरक्षा परिषद नेमण्यात आली आणि सरकारी नोकरांच्या अपघातांचा प्रश्न तिच्याकडे सोपवला गेला. तिचा अधिकार केवळ सल्ल्यापुरता होता. पण ट्रँगलचा दहावा मजला आठवणाऱ्या बाईंना कचेरी आणि कारखाना यांत भिंत घालणे पटण्यासारखे नव्हते. एकाच इमारतीत एकाच जिन्याने दोघेही उतरतात.

१९३९ मध्येच त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आणला गेला. हॅरी ब्रिजेस या परदेशी जन्माच्या गोदी कामगार पुढाऱ्याला पुराव्याशिवाय हद्दपार करायला त्यांनी नकार दिला होता. ठराव बारगळला, पण मनस्ताप झाला. १९४५ मध्ये, सलग १२ वर्षांनंतर, त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे सनदी सेवा आयोगाचे काम पाहिले, रूझवेल्ट यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९५७ पासून कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागल्या. ऐंशीच्या घरातल्या या आजीबाई अखेरची काही वर्षे चक्क तरुण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिल्या.

२५ मार्च १९६१ रोजी आगीला ५० वर्षे झाली. त्या दिवशी त्या पुन्हा त्या इमारतीपाशी आल्या होत्या. आगीतून वाचलेल्या काही स्त्रियाही होत्या, आता केस पिकलेल्या. १४ मे १९६५ रोजी पर्किन्स यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. देशभरच्या कामाच्या जागांना लागू होणारा सुरक्षा कायदा अमेरिकेत आला तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९७० च्या डिसेंबरात. कामगार खात्याच्या मुख्यालयाला १९८० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तर न्यूकॅसलचे त्यांचे घर डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले.

ॲश बिल्डिंग अजून उभी आहे. ती न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि तिथे विज्ञानाच्या प्रयोगशाळा आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या दर्शनी भागावर पोलादी पट्ट्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर १४६ नावे आहेत. त्यांतली शेवटची सहा नावे निश्चित व्हायला २०११ साल उजाडले होते.